ज्वारीतली फिकट रेघ

माझ्या पुतण्याने गावच्या स्मरणिकेत लिहिले आहे, की माझ्या वडिलांनी आपल्या शेतातून नदीपर्यंत धनगरांच्या मेंढरांना वाट दान दिली. गावही तेच सांगते. दोघेही चुकतात. वाट दिली गेली तेव्हा वडिलांसमोर मी होतो. पुतण्या तेव्हा जन्मलाही नव्हता.

निजामाचे राज्य होते आणि मी मोजणीच्या कचेरीत नकाशे काढीत असे. साखळीने जमीन मोजणारे आम्ही. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून कोणी मोजणी करतो काय, असे मीच सर्वांत मोठ्याने म्हणत असे. पुढे पूर्णाकाठची तशी छायाचित्रे आली. एकाच जागेची, थोड्या अंतरावरून टिपलेली दोन चित्रे शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिली, की सपाट कागदातून टेकड्या वर येत, ओढे खाली जात. त्यावरून चढउतार मोजायचे. माझ्या वाट्याला केदारखेड्याजवळचा पट्टा आला. आमची विहीर ओळखू येताच मी ऐटीत शेजारच्या सहकाऱ्याला बोलावले. भिंगात पाहून तो म्हणाला, "तुमच्या ज्वारीतून ही वाट कोणाची?"

गर्द पिकातून एक फिकट रेघ धनगरांच्या वस्तीपासून थेट नदीला गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी दाबलेली जमीन नांगराने वरवरच फुटली होती. तिच्यावरचे पीक खुरटलेलेच राहिले होते. बांधावरून ते आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

याच शेताबद्दल वडिलांनी पूर्वी चावडीत पागोट्याला हात लावून, शपथेवर सांगितले होते, की येथे वाट कधीच नव्हती. नांगरली गेलेली जुनी वाट परत मागणारा म्हातारा धनगर सर्वांदेखत खोटा ठरला होता.

मी गावी गेलो. वडील सुपारी कातरीत बसले होते.

"दादा, वाट होती. वरून बराबर दिसती."

"वरून पाहनाऱ्याला काय कळतंय? नांगर मी धरलाय."

"म्हनूनच तुम्हाला ठावं हाय."

अडकित्ता थांबला. "सोडतो वाट. जाऊ दे त्याची मेंढरं."

"आन् म्हातारा खरा होता, हे चावडीत सांगा."

"वाट देतो म्हनलं ना? मंग आनखी काय पायजे तुला? बापाचं पागोटं?"

दुसऱ्या दिवशी चावडीत त्यांनी धर्म म्हणून वाट दिल्याचे जाहीर केले. लोक वाहवा करू लागले. म्हातारा उठला. "मालक, माझी वाट मलाच दान देता व्हय?"

"घ्या! वाट भेटली तरी रडूनच राह्यला!" कोणीतरी ओरडले आणि सारी चावडी हसली. वडिलांची नजर जमिनीवरून हलली नाही.

वाट बुजवल्याची लाज मी एक वेळ गिळली असती. ती परत देतानाही आम्ही त्या माणसाला खोटाच ठेवला, हे आजही गळ्याखाली उतरत नाही.

दर उन्हाळ्यात त्याचा कळप खतासाठी आमच्या रानात बसायचा आणि आम्ही त्याला ज्वारी द्यायचो. त्या वर्षापासून मेंढरे रानात थांबेनाशी झाली. सरळ नदीला जायची, सरळ परतायची.

दिलेल्या दानावर पाय ठेवायचा नाही, असा वडिलांचा नेम होता, असेही पुतण्याने लिहिले आहे. साफ खोटे. वाटेच्या तोंडाशी तो म्हातारा काठी टेकून बसलेला असे. त्याच्यासमोरून जावे लागू नये, म्हणून माझे वडील स्वतःच्या विहिरीकडे मरेपर्यंत वळसा घालून गेले.