शबानाच्या बांधीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही— आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आलापल्लीच्या सागाखाली खुर्ची टाकून म्हातारी बाई काही लिहायला बसली की लोक आधीच कौतुकाने वाचायला घेतात. घ्या. कौतुक शेवटपर्यंत टिकतं का, बघू.

नातवंडांना वाटतं आजी फार हुशार होती. हैदराबादच्या कंपनीत कम्प्यूटरचं कर्नल लिहायची— म्हणजे मशीनचा तो गाभा, जो बाकी सगळ्या प्रोग्रामांना जागा आणि वेळ वाटून देतो. सावली गावची पोरगी आणि हे काम! ती पोरगी आज समोर आली तर मी काय करीन? आधी तिच्या डोक्यावरचा गॉगल काढीन. छताखाली, पंख्याखाली बसून गॉगल! सुट्टीत घरी आली की बापाशी इंग्रजी फाडायची, आणि तो शाळामास्तर बिचारा नुसता मान डोलवायचा.

तर ही विदुषी. चालायची वाट बघत थांबलेल्या कामांची यादी तिच्याकडे होती. प्रत्येक कामाची एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीसाठी मेमरी मागून घ्यायची. किती लागेल ते मशीनलाच मोजायला सांगायची सोय होती, सगळे तसंच करत. बाईसाहेब मात्र मनात बेरीज करून आकडा स्वतः लिहीत. का? तर आपल्याला पाठ आहे म्हणून! मग एके दिवशी तिनेच नोंदीत एक रकाना वाढवला. आकडा तसाच राहिला. नोंद मोठी, जागा लहान. उरलेला तुकडा कुठे जाणार? शेजारच्याच्या जागेत.

शेजारी होती शबाना. नागभीडची, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच डब्यात जेवायचो. यादीला खेटून असलेली मेमरी तिचा कोड वापरायचा, म्हणून मशीन बंद पडलं की पडद्यावर नाव तिच्या कोडाचं. तुडवणारा कधीच पुढे निघून गेलेला— पडतो तो तुडवला गेलेला.

आणि हे मला कळू नये? धानाच्या मुलखात जन्मले मी! आमच्या बांधीशेजारचा, म्हणजे धानाच्या वाफ्याशेजारचा माणूस दरवर्षी थोडा थोडा धुरा— दोघांमधला मातीचा बांध— कोरायचा. एका पावसाळ्यात धुरा फुटला, आमचं सगळं पाणी वाहून गेलं, आणि गाव काय म्हणालं? मास्तरले शेती जमत नाई. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. ते बघून वाढलेली मुलगी मी.

शबाना तिचा कोड ओळ न् ओळ वाचायची. केस विंचरायचे विसरायची. "मले काहीच दिसून नाई राह्यलं वो बाई. कुठी चुकलो असन मी?"

मॅनेजर तेव्हा ठरवत होता, कर्नलच्या कामावर कुणाला ठेवायचं.

आता ऐका— की इथे थांबू? नाही, लिहिते. तिने हे विचारलं त्याच्या आदल्या दिवशी मला माझा आकडा दिसला होता. स्वच्छ दिसला. आणि त्या गॉगलवालीने उत्तर काय दिलं?

"नीट पाह्य. तुह्यातच असन."

भीती वाटली म्हणू? छे. नोकरी गेली नसती. मॅनेजर हसला असता, चहाच्या टपरीवर दोन दिवस चिडवलं असतं. एवढंच. आपल्यावर कुणी हसू नये, एवढ्यासाठी त्या येडपटीने मैत्रीण दिली.

शबानाला कर्नलवरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. ती जाईपर्यंत मी थांबले. मग आकडा खोडला, मशीनला मोजायला सांगितलं. एक ओळ. बदलाचं कारण लिहिलं— साफसफाई. मशीन पुन्हा बंद पडलं नाही. शबाना गेली आणि बिघाड गेला— आणखी काय पुरावा हवा होता कुणाला? तिचं काम माझ्याकडे आलं. तिने विचारलं, कसं थांबलं? मी म्हटलं, जरा हात फिरवला. हेही खोटं नाही, बघा! किती हुशार!

वर्षभरात ती नागभीडला परतली. कम्प्यूटरचे क्लास काढले. आजही पोरांना पहिल्या तासाला सांगते, माझ्या एका चुकीने अख्खी मशीन बंद पडायची, म्हणून आपलं लिहिलेलं दहादा तपासा.

मी दर पौर्णिमेला विहारात जाते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणताना, माझाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

यंदाच्या ईदला तिच्याकडे गेले होते. तिने नातीला हाताला धरून माझ्यासमोर उभं केलं.

"हे नानी पाह्य बेटा. माही गलती हिनं चुपचाप सुधरवली. कोणाले एक शब्द बोलली नाई. अशी दोस्त पाहिजे."

पोरगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शबाना शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन वाट बघत होती.

मी वाटी पुढे केली. जरा जास्त वाढ म्हटलं.