सतरा लाल कॅप्सूल

कपड्याला पडलेलं भोक ती असं भरायची, की मालकालाच ते परत सापडत नसे. तिला सगळे रफूमावशी म्हणत. खालच्या ड्रायक्लीनिंगवाल्याचं काम ती वरच्या मजल्यावरच्या आपल्या एका खोलीत, खिडकीपाशी बसून करायची. लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर धाकटा भाऊ तेवढा उरला होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

त्रेपन्नाव्या वर्षी खोकला लागला तो जाईना. संध्याकाळी ताप, अंगावरचे कपडे ढगळ होत चाललेले. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा ती दवाखान्यात गेली. क्षयरोग निघाला.

भावाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, घरात लहान मुलं आहेत. तू बरी झालीस की येतोच आम्ही." ड्रायक्लीनिंगवाल्याने काम बंद केलं नाही, पण वर येणं थांबवलं. कपड्यांची पिशवी दाराच्या कडीला अडकवायचा आणि जिना अर्धा उतरून झाल्यावर हाक मारायचा.

यायची ती फक्त सिस्टर. दर मंगळवारी अकराला दवाखान्यातून आठवड्याच्या गोळ्या घेऊन. रोज चार औषधं घ्यायची होती.

"एकाच रोगाला चार कशाला?" मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं. "एक चांगली जालीम द्या आणि मोकळं करा."

सिस्टर खुर्चीवर टेकली. "जंतू सगळे सारखे नसतात, मावशी. काही भराभर वाढतात, काही पेंगत पडलेले असतात. लाखात एखादा असा निघतो, की त्याला एक औषध लागूच पडत नाही. तेवढं एकच दिलं तर बाकीचे मरतात, तो उरतो, आणि मग सगळं रान त्याचंच. पण एकाला चुकवणारा दुसऱ्याच्या हाती सापडतो. म्हणून चौघं मिळून."

"आणि लघवी लाल झाली तर घाबरू नका," ती जाताना म्हणाली. "लाल कॅप्सूलचा रंग आहे तो. घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा तसं दिसेल."

महिन्याभरात ताप गेला, भूक लागायला लागली. पुढचा महिना सरत आला तेव्हा एक कोट परत आला. ड्रायक्लीनिंगवाला जिन्यातूनच म्हणाला, "मावशी, तांबड्या कोटाला शेवाळी दोरा लावलात. गिऱ्हाईक चिडलंय."

तिने कोट उजेडात धरला. तिला दोन्ही रंग सारखेच दिसत होते, मातकट, विटलेले. दोऱ्यांचा डबा उघडला तर त्यातले लाल-हिरवे एकमेकांत मिसळून गेलेले. हातावर पोट असलेल्या बाईचे डोळे जाणं म्हणजे सगळंच जाणं. सिस्टरला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगितलं तर औषध बंद करतील, मग मंगळवारचं येणंही बंद होईल, अशी तिची समजूत. तिने आपलं आपणच गणित मांडलं. डोळ्यांतलं पाणी लाल होतं ते लाल कॅप्सूलने, तेव्हा डोळे बिघडवणारीही तीच. दुसऱ्या दिवसापासून ती उरलेल्या तीन गोळ्या घ्यायची आणि लाल कॅप्सूल बटणांच्या डब्यात टाकायची. रिकामी पाकिटं सिस्टरला दाखवायची. दोन मंगळवार असेच गेले.

तिसऱ्या मंगळवारी सिस्टरने हात धरला तर तो गरम लागला.

"ताप कधीपासून?"

"आहे चार दिवस. हवा बदलली ना."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. "लघवी लाल होते ना अजून?"

मावशी उठली. तिने बटणांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. सिस्टरने कॅप्सूल वेचून मोजल्या. सतरा भरल्या. ती रागावली नाही. "का?" एवढंच म्हणाली. मावशीने कोटाचं सांगितलं.

"हे मला त्याच दिवशी सांगायचं होतंत," सिस्टर म्हणाली. "चपला घाला."

दवाखान्यात डॉक्टरांनी ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेली चित्रं दाखवली. तिला एकही आकडा वाचता आला नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चुकीच्या चोराला पकडलंत. डोळ्यांवर परिणाम करणारी गोळी दुसरीच होती, ती तुम्ही नेमाने घेत राहिलात. आणि सोडलीत ती आपल्याकडची सगळ्यात जोरकस. आता जंतू तिला सरावलेत का, ते तपासावं लागेल."

दोन दिवस ती तपासणीच्या निकालाची वाट पाहत खोलीत बसून होती. सुईला हात लावला नाही. भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही, नंतर केलाही नाही.

जंतू सरावले नव्हते. डोळ्यांना बाधणारी गोळी काढून तिच्या जागी वेगळं औषध दिलं. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा. आता ती रोज दवाखान्यात जाऊन सिस्टरसमोर सगळी औषधं गिळायची, आणि मंगळवारी सिस्टर तरीही घरी यायची, डोळ्यांची चौकशी करायला. हिरवा रंग तिसऱ्या महिन्यात परत आला, लाल त्यानंतर. काही फिकट छटा कायमच्या गेल्या. तसे कपडे आले की ती परत पाठवते.

शेवटच्या तपासणीत फुप्फुस स्वच्छ निघालं, एक जुना वण तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, तिच्यापासून कुणाला काही होण्याची भीती कधीच संपली आहे. तिने ते भावाला जसंच्या तसं सांगितलं. "बरं झालं, ताई," तो म्हणाला. "येऊ एकदा सवडीने."

त्यानंतरच्या मंगळवारी घरी आलेल्या सिस्टरने उपचाराच्या कार्डावर सही करून ते तिच्या हातात दिलं.

"आता मंगळवारी?" मावशीने विचारलं.

"आता कशाला, मावशी? बऱ्या झालात तुम्ही."

"हो," मावशी म्हणाली. "झाले खरी."

ती सिस्टरबरोबर खालच्या दारापर्यंत गेली. मग कठड्याला धरून, मध्ये एकदा दम खात, वर आली आणि खिडकीपाशी कामाला बसली.