एकाच जातीचे एक्केचाळीस कॅमेरे

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणायचे, कारण तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचंच काम केलं होतं. जुने, रिळाचे कॅमेरे आणून घरी दुरुस्त करायचे ही त्यांची म्हातारपणीची हौस, असा लोकांचा समज होता. काकूंनी तो कधी मोडला नाही.

खरं कारण वेगळं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी विसाव्या वर्षी तापाने गेली. अकरा दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापर्यंत ती गळ्यात कॅमेरा अडकवून घरभर, जिन्यात, गच्चीवर फिरत होती. "बाबा, छत्तिसातले आता दोनच उरलेत. ते झाले की रीळ धुवायला देऊ," म्हणाली होती.

महिन्याभराने काकू बहिणीकडे गेल्या. एकट्या घरात तिचं कपाट काकांच्या अंगावर यायला लागलं. एका दुपारी त्यांनी मन घट्ट केलं आणि कपडे, वह्या, पिशव्या, सगळं न बघता भंगारवाल्याच्या गाडीवर घातलं. काकू परत आल्या, रिकामं कपाट बघून एवढंच म्हणाल्या, "तिच्या पिशवीत कॅमेरा होता. रीळ काढून घेतलंत ना?"

काका अनवाणीच खाली धावले. भंगारवाला म्हणाला, "काका, तो माल कधीच पुढे गेला. कॅमेरे उचलणारी माणसं वेगळी असतात."

तेव्हापासून सहा वर्षं काका त्याच जातीचा कॅमेरा शोधत राहिले. खूण एकच होती. शटरचा वेग बदलायच्या चकतीवर, एकशे पंचवीसच्या आकड्याशी, मुलीने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. पण तो पुसला गेला असला तर? म्हणून ठिपका नसलेलेही सोडवत नव्हते. बहुतेक बंद पडलेले असायचे, मग काका ते उघडून बसायचे. जेवणाच्या टेबलावर चिमटे, स्पिरिटची बाटली आणि मोहरीएवढे स्क्रू ठेवलेली बशी कायमची मुक्कामाला आली. "लिफ्ट काय नि कॅमेरा काय, दार वेळेवर उघडलं आणि वेळेवर मिटलं की झालं!" असं ते शेजाऱ्यांना हसून सांगत. दुरुस्त झालेला विकून पुढचा आणत. एकदा एकात खरंच रीळ निघालं. धुतल्यावर त्यात कुणाच्या तरी सहलीतली अनोळखी माणसं दिसली. काकू तेही फोटो तासभर बघत बसल्या.

एक्केचाळिसावा कॅमेरा जुन्या बाजारातल्या घड्याळवाल्याने ठेवून घेतला होता. "लाल ठिपका आहे, पण मागचं झाकण चेमटलंय. कुणाला उघडताच आलं नाही," तो फोनवर म्हणाला.

त्याच दुपारी काकांनी कॅमेरा बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत घातला, म्हणजे रिळाला उजेड लागायला नको. हात कोपरापर्यंत आत गेले. समोर काकू बसल्या होत्या. झाकण पान्याने हळूहळू सैल झालं.

"आहे?" काकूंनी विचारलं.

"आहे."

मग काकांची बोटं थांबली. फिल्म डबीतच होती, जशीच्या तशी. बाहेर आलेलं तिचं टोक समोरच्या फिरकीत अडकलंच नव्हतं. असं झालं की बटण दाबलं जातं, आकडा पुढे सरकतो, पण फिल्म जागची हलत नाही. एकही फोटो उमटत नाही. आणि हे रीळ घातलं होतं त्यांनीच. "आण इकडे, तुझी नुसती घाई," असं म्हणून तिच्या हातातून कॅमेरा घेऊन. तेव्हा त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ओल लागून खराब झालंय, असं सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठावर होते.

"का हो, काय झालं?"

"रीळ कोरं आहे," ते म्हणाले. "मी नीट अडकवलं नव्हतं."

"म्हणजे तिने एकही..."

"तिने सगळे काढले गं. माझ्यामुळे एकही आला नाही."

काकू उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. काकांचे हात कितीतरी वेळ त्या पिशवीतच होते.

तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता काकू म्हणाल्या, "माझे तीन काढले होते. केस विंचरताना. मी ओरडले होते तिच्यावर."

काकांनी कागद घेतला. गच्चीवरची टाकी. जिन्यातलं मांजर. पेपर वाचता वाचता झोपलेले ते स्वतः. आठवडाभर आठवून आठवून चौतिसातले सोळा झाले. उरलेले अठरा काही केल्या दोघांनाही आठवेनात, आणि विचारायला कुणी नव्हतं.

काका अजून कॅमेरे दुरुस्त करतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, रीळही तुम्हीच घालून द्या ना." ते नकारार्थी मान हलवतात आणि कॅमेरा त्याच्याकडे सरकवतात.