तळ नसलेली यादी

"मावशी, यादी आहे ही, विहीर नाही. तळ कशाला शोधताय?"

सर असं म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं. भोरच्या एसटी स्टँडमागचं आमचं ऑफिस, आठ माणसांचं. मावशी म्हणजे मोबाईल दोन्ही हातांनी धरून खुर्चीच्या कडेवर बसलेली एक बाई. अंगठ्यानं पडदा वर ढकलत होती. वीस नावं संपली की आपोआप आणखी वीस. भोंगवली गाव गेलं, पाली गेलं, ती ढकलतच होती.

"सायेब, हिचा शेवट कुठं हाय?"

"शेवट दिसतच नाही, तीच तर गंमत आहे. वरून वाचा ना, शहाण्या माणसासारखं."

पुन्हा हशा. मीही हसले. आणि ती बाई माझी आई होती.

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. "चाचणीला खेड्यातल्या चार बायका बोलाव," असं सर म्हणाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका मीच बोलावल्या. आणि आईला बजावलं, तिथं मला ओळख दाखवू नको. तिनं शब्द पाळला. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "येते, म्याडम."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

ती यादी नळजोडणीची होती. भोर-वेल्ह्यातल्या कुठल्या घराला नळ मिळणार, त्याची. वेबसाईटवर दाखवायचं काम आमच्या कंपनीकडं, आणि कंपनीत ते माझ्याकडं. नाव नसेल तर ठरलेल्या तारखेच्या आत हरकत नोंदवायची. तारीख गेली की बोंबलत बसा. आमची वस्ती भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, गावापासून ओढ्यापलीकडं. पाणी रोज डोळ्यांसमोर, आणि हंडा रोज आईच्या डोक्यावर.

आधी मी यादीला पानं केली होती. एक, दोन, तीन, शेवटचं. मग वरून निरोप आला, पानं काढा. बोट फिरवत राहिलं की नावं येत राहिली पाहिजेत.

"लोकांना पुढचं पान दाबायचा कंटाळा येतो," सर म्हणाले.

कुठल्या लोकांना? नळासाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या बाईला एक बटण दाबायचा कंटाळा? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण काम अवघड होतं, आणि मला जमलं. कौतुक झालं. ओढ्यापलीकडची पोरगी, भोरच्या ऑफिसात सगळे तिच्या स्क्रीनभोवती गोळा झालेले. शंका गिळली मी. खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र दिसत होती. 'हरकत नोंदवा' हे बटण सगळ्यात खाली होतं. तिथं बोट न्यावं तर नवी वीस नावं येऊन त्याला आणखी खाली ढकलायची. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "ज्याला खरी गरज आहे तो पोहोचेल." नाव शोधायला चौकट ठेवू का, म्हणून विचारलं. "पुढच्या वेळी बघू."

आता आई तळ का शोधत होती, ते सांगते. आमच्याकडं कुठलीही यादी लागली की आधी गावठाण, मग वाड्या, मग आमची वस्ती. शाळेच्या हजेरीतसुद्धा गुरुजी आमची नावं सगळ्यांच्या मागून लिहायचे, गाळलेलं आठवल्यासारखी. म्हणून आमची माणसं यादी खालून वाचतात. चावडीच्या भिंतीशी उकिडवं बसायचं आणि खालच्या ओळीपासून वर यायचं. नाव असलं तर तिथंच असणार. खाली नसलं तर वर शोधण्यात अर्थ नाही, कपडे झटकून उठायचं आणि भांडायला जायचं. माझ्या आईला दोन ओळी धड वाचता येत नाहीत, पण यादी कुठून वाचायची हे तिला आमच्या सरांपेक्षा जास्त कळतं.

ती गेल्यावर मला काम सुचेना. शेवटी मीही यादी तिच्यासारखीच वाचायला घेतली. पडदा सोडला आणि जिथं सगळी नावं साठवलेली असतात तिथून शेवटची नावं मागवली.

गावांच्या क्रमातही आमचं गाव सगळ्यात शेवटी होतं, आणि शेवटचं नाव आमच्या गावच्या खालच्या वाडीतलं. त्याच्या खाली काही नव्हतं.

आमच्या वस्तीची तेवीस घरं नव्हती. एकसुद्धा नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. कागदावरची यादी असती तर आईनं भिंतीशी बसल्या बसल्या हे पकडलं असतं. इथं तिला काय कळणार होतं? आमच्याकडं रेंज येते-जाते. चाळिसाव्या नावाशी चाक फिरत राहणार, आणि प्रत्येक बाई म्हणणार, आपलं खाली असंल. खाली असंल, खाली असंल म्हणता म्हणता तारीख जाणार.

सरांना सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "पाहणीत राहिलं असेल. यादी दाखवणं आपलं काम, तपासणं नाही. तुला एवढं काय लागलंय? तुझं कुणी आहे का तिथं?"

"व्हय," मी म्हणाले. त्या ऑफिसात 'हो' म्हणायची सवय लावून घेतली होती, पण तोंडातून 'व्हय'च आलं. "मघाशी तुम्ही जिला हसलात ती माझी आई हाय. आणि मीबी हसले."

मी जागेवर जाऊन पानं परत लावली. शेवटच्या पानाचं बटण लावलं. हरकतीचं बटण उचलून सगळ्यात वर ठेवलं. सर म्हणाले, "हे काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." मी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसऱ्याकडून काढून घेतलं.

हा कट होता की नुसती बेफिकिरी, मला अजून ठाऊक नाही. बेफिकिरी असेल तर ती नेमकी आमच्याच घरांपाशी कशी येऊन थांबते, हे मात्र मला कुणीतरी समजावून सांगावं. हंडा दोन्हीत तेवढाच जड.

तेवीस हरकती मी वस्तीत बसून हातानं लिहिल्या, आणि तारखेच्या आत आईला घेऊन कचेरीत गेले. माझ्या घराच्या अर्जावर खाली जास्तीचं लिहिलं होतं: ही यादी वेबसाईटवर दाखवायचं काम मी स्वतः केलं. तिच्यात आमची घरं नाहीत हे मी स्वतः पाहिलं. विचाराल तिथं येऊन सांगेन. खाली नाव, आईचं नाव, वस्तीचं नाव.

कारकुनानं वाचलं आणि पेन पुढं केलं. "ताई, एवढं खोडा. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता? परत कुठं कामाला ठेवायचं नाही कुणी."

आई माझ्याकडं बघत होती. तिला अक्षर लागत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. "खोडू नगं," ती म्हणाली.

मी पेन त्याला परत दिलं. म्हटलं, "शिक्का मारा."