मुका रिसीवर अन् माझा साळा

शाळेत मी गेलो नाही, पण शक घ्याले शाळा लागत नाही.

लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सरली, दिवाळी तोंडावर आली, म्हणून गाणे वाजवाचा रिसीवर लावला. भंडाऱ्याहून जुना घेतलेला, मोठ्या दोन स्पीकरचा. गावात माझा रुबाब त्याच्याच भरवशावर. लाइट लागला, आकडे दिसले, आवाज मात्र नाही.

आवाजाचं बटन पुरं फिरवलं. उजव्या स्पीकरची तार डाव्याले लावली, डाव्याची उजव्याले. मोबाइलची पिन काढून टीव्हीची घातली. काही नाही. तवा मले आठवलं, पोळ्यानंतर मोहाडीचा साळा आला होता अन् झाकण खोलून त्यानं आतली धूळ काढली होती. धूळच काढली का? त्याच्यानंतरही रिसीवर वाजला होता, पण शक चढला का माणूस तेवढं मागं पाहत नाही.

नाक लावून वास घेतला. जळका वास नाही, म्हणजे जळण्यासारखं आत काही ठेवलंच नसंन. मग धान मोजाच्या काट्यावर ठेवला. पहिले किती भरत होता हे मले माहीत नव्हतं, पण हलका वाटला.

लगेच साळ्याले फोन लावला. सांगितलं का काट्यावर तोलून पाहिलं, माल कमी भरून राहिला, कुठं इकला तेवढं सांग. "बरं भाऊजी," तो म्हणाला अन् फोन ठेवला.

बायको दारातच उभी होती. तिले तो एकच भाऊ. "आता भाऊबीजेले मी कोणाले ओवाळू? तुमच्या डब्याले?" एवढं बोलली अन् चुलीकडे गेली. भाजीत मीठ नव्हतं, ते मी मुद्दामच समजलो.

दुसऱ्या दिवशी साफसफाईत तिनं रिसीवर पुसला अन् मले हाक मारली. "हे काय खुपसलं जी इथं?"

हेडफोन लावाचं भोक. त्यात अगरबत्तीच्या काड्यांचे बुडखे तुटून फसलेले. दसऱ्याले नांगरासंग रिसीवरचीही पूजा मीच केली होती. भोकावर हेडफोनचं चित्र होतं, कमानीसारखं. मले वाटलं देव्हाराच हाये, कंपनीनं जागा करून देली. जुडीच कोंबली. रिसीवरले वाटलं हेडफोन लागला, त्यानं स्पीकर बंद केले.

तिनं सुईनं बुडखे काढले. आवाज मी पुरा फिरवूनच ठेवला होता. गोठ्यातली गाय दावं तोडून निघाली.

साळा माझा फोन उचलेना. बायकोच्या फोनवरून लावला तवा उचलला. चूक माझी म्हणून सारं सांगितलं, कमानीसकट. तो हसला नाही.

"येतो मी. पण येताना अन् जाताना मले काट्यावर तोलजा, भाऊजी."

मले मजाक वाटली. भाऊबीजेले आला तो सरळ अंगणातल्या काट्यावर चढला अन् उतरेच ना. बायकोनं त्याले तिथंच, उभ्यानं ओवाळलं. मग जेवला, हात धुतले, पुन्हा चढला. "पाहा," म्हणाला.

वडे त्यानं दाबून खाल्ले होते, भरला असंन जास्तच. मी आकड्याकडे पाठ केली अन् गाणं लावाले आत गेलो. आवाज बारीकच ठेवला. गाय घरी होती.