सिस्टरचं पत्र मी कसं वाचायचो

मी खोटं बोलत नाही, नुसता वाचतो, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत होतो. पण पत्रात जे असायचं ते मी वाचत नव्हतो. हे देवाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं आणि माझ्या बायकोला दुसऱ्या महिन्यापासून.

आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीतली एक नर्स आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यात सेवेसाठी गेली. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणतो. तिला निरोप दिला त्या रविवारी हार झाले, फोटो झाले, बटाटेवडे झाले. पाळकसाहेब म्हणाले, "जाणारी एकटी असते, पण पाठवणारी सगळी मंडळी असते. तेव्हा सिस्टरशी संपर्क कोण ठेवणार?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याला कारण आहे. बाविसाव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात, "परदेशात सेवेला कोण जाईल?" असं विचारलं गेलं, तेव्हा मी हात वर केला होता. एकट्यानं. पुढं मला ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये नोकरी लागली, आणि माझी परदेशसेवा कंपनीच्या बसनं ओझरपर्यंत जाऊन थांबली. विमानाचे नट-बोल्ट काढून देण्यात माझा जन्म गेला, विमानात मी अजून बसलेलो नाही. त्या वर केलेल्या हाताची गोष्ट देव विसरला असावा अशी मला आशा आहे. मंडळी विसरलेली नाही. मीही नाही. म्हणून मी मुकाट्यानं मिशन सेक्रेटरी झालो.

सिस्टर महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र पाठवायची. मी ते फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवायचो आणि रविवारी सूचनांनंतर वाचायचो. पहिल्याच पत्रात होतं, "इथली मेट्रन भयंकर बाई आहे. रोज सकाळी माझं तिच्याशी वाजतं." मी पेन हातात धरून बसलो. पुढच्या बाकावर ऐंशी वर्षांचे वडीलधारे बसतात. त्यांच्यापुढं 'वाजतं' कसं म्हणायचं? मी लिहिलं, "वरिष्ठांशी रोज सकाळी कामाविषयी मनमोकळी चर्चा होते." वाचलं. मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन."

त्या आमेननं माझा घात केला. दुसऱ्या महिन्यात सिस्टरनं लिहिलं, "पत्र्याचं छत गळतं. मी खाटेवर छत्री उघडून झोपते." मी वाचलं, "पावसाची भरपूर कृपा आहे." आमेन. "रोज उकडलेली केळी खाऊन जीव विटलाय, कारळ्याची चटणी डोळ्यांपुढं येते." मी वाचलं, "साध्या अन्नातही कृतज्ञता आहे." आमेन, आणि मागून एक हालेलूया.

बायको शाळेत शिक्षिका आहे. तिनं एकदा फोन आणि फुलस्केप शेजारी शेजारी धरून पाहिले.

"अहो, हे पत्र आहे की इस्त्रीचे कपडे?"

"मंडळीचा विश्वास वाढायला पाहिजे."

"आणि तिचं काय वाढतंय? रक्तदाब!"

आता खरं सांगायला हवं. मला मंडळीच्या विश्वासाची काळजी नव्हती. जिथं मी गेलो नाही ती जागा मला तेजस्वी हवी होती. तिथं गळकं छत आणि रडारड असेल, तर मी गेलो नाही हे बरंच झालं असं वाटायचं, आणि तसं वाटल्याबरोबर लाज वाटायची. त्यापेक्षा इस्त्री सोपी.

माझं तिला जाणारं उत्तरही ठरलेलं होतं. "पत्र मिळालं. मंडळीला उत्तेजन मिळालं. आम्ही प्रार्थनेत आपली आठवण करतो." हे मी फोनमध्ये साठवून ठेवलं होतं. आठवण करायचो, नाही असं नाही. सकाळच्या बसमध्ये डोळे मिटून सुरुवात करायचो, पण आडगावच्या अलीकडेच झोप लागायची आणि एकदम कारखान्याच्या गेटवर आमेन व्हायचं.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा सिस्टरचं छोटं पत्र आलं. "भाऊ, माझी मुदत संपतेय. पुढच्या तीन वर्षांसाठी सही करायची की घरी यायचं, हे महिन्याभरात सांगायचं आहे. मंडळीला माझा एक प्रश्न विचारा. मी इथं आहे याचा तिथं कुणाला काही फरक पडतो का? तीन वर्षांत तुमच्याशिवाय एकाही माणसानं मला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आणि तुमच्या ओळी दर वेळी त्याच असतात."

ते मी दोनदा वाचलं. तरी रविवारी उभा राहून मी म्हणालो, "सिस्टरांची मुदत पूर्ण होत आहे. पुढील मार्गदर्शनासाठी त्या प्रार्थनेची विनंती करतात."

आमेन.

त्या दिवशी सिस्टरची आई आली होती. त्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करतात आणि तिथल्याच छोट्या मंडळीत जातात. आमच्याकडं त्या नातेवाइकांच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आल्या होत्या. उपासनेनंतर मी चहाचा कप घेऊन वळलो, तर त्या समोर उभ्या.

"सलाम, सेक्रेटरीसाहेब."

"सलाम, आई. पत्र ऐकलंत ना?"

"ऐकलं. लय भारी. कुनाचं व्हतं?"

"म्हणजे काय? तुमच्याच मुलीचं."

"माझी पोरगी असं बोलत नाय. मार्गदर्शन हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात ऐकला नाय. परवा फोनवर रडत व्हती. म्हनली, आई, मी मंडळीला सरळ इचारलंय, आता काय सांगतात बघू. ते कुठं गेलं?"

"ते... मंडळीसमोर जरा..."

"मंडळी काय वरच्या मजल्यावर ऱ्हाती का? आमच्या पॅकहाऊसमधी एखादी बाई चार दिवस दिसली नाय, तर पाचव्या दिवशी आमी तिच्या दारात. तुमी माझ्या पोरीला पार संत करून टाकलं, साहेब. संताला कोन डबा देतं?"

मी हातातल्या कपाकडं पाहिलं. चहा निवला होता.

"फुडच्या रविवारी खरं वाचा," त्या म्हणाल्या. "नायतर मी वाचते. मला वाचता येत नाय, पन समदं तोंडपाठ हाय."

आठवडाभर मी ते टाळत राहिलो. शनिवारी पाळकसाहेबांकडं जाऊन मी सगळं कबूल केलं आणि फोनमधली मूळ पत्रं दाखवली. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "मेट्रनचंसुद्धा वाचणार?"

"हो."

"आपली उपासना यूट्यूबवर जाते. मेट्रनला मराठी येतं?"

"नाही."

"मग वाचा."

रविवारी मी फुलस्केप नेलाच नाही. फोन हातात धरला आणि आधी सांगून टाकलं की तीन वर्षं तुम्ही जे ऐकलं ते सिस्टरचं नव्हतं, माझं होतं. मग वाचलं. मेट्रन, छत्री, केळी, चटणी, आणि शेवटी तो प्रश्न. छत्रीपाशी कुणीतरी हसलं होतं. प्रश्नापाशी कुणी हसलं नाही. आमेनही नाही.

मग आमच्याच कारखान्यातले एक रिटायर्ड फोरमन उठले.

"पत्रा कसला आहे? सिमेंटचा की लोखंडी?"

"ते पत्रात नाही."

"तीन वर्षांत तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

"खिळ्याच्या भोकातून गळत असणार. वॉशर सडलेत. फोटो मागवा."

लगेच महिला मंडळाच्या बाकांवर कारळ्याची चटणी विमानात चालते का यावर वाद सुरू झाला. कोरडी चालते, ओली नाही, असं एकीचं मत. दुसरी म्हणाली, तिच्या जावेनं दुबईला लोणचं नेलं होतं. पुढच्या बाकावरचे एक वडील चिडून उठले. "पाळकसाहेब, ही उपासना आहे!"

"हो," पाळकसाहेब म्हणाले, "आणि चालू आहे."

शेवटी त्यांनी विचारलं, मेट्रनसाठी प्रार्थना कोण करील? एकही हात वर होईना. मग माझ्या बायकोचा झाला. "मी करते. शाळेत मीही तशीच आहे."

संध्याकाळी सिस्टरचा मेसेज आला. "भाऊ, काय झालंय? सकाळपासून सगळ्यांचे मेसेज येतायत. आईला काही झालं का? खरं सांगा." आई ठणठणीत आहेत हे पटवायला मला तीन वेळा लिहावं लागलं, कारण माझ्या लिहिण्यावरचा तिचा विश्वास उडालेला होता, आणि ते योग्यच होतं. मग मी तिच्यापाशीही कबुली दिली. तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "फोरमनकाकांना सांगा, मी ड्यूटीवर असताना व्हिडिओ कॉल करू नका. काल वॉर्डाचाही पत्रा बघायचा म्हणून पेशंटांसमोर त्यांनी मला स्टुलावर चढवलं आणि म्हणाले, फोन जरा डावीकडं घे."

तिथल्या सुतारानं वॉशर बदलले. त्या सुताराला आमचे फोरमन मराठीतून सूचना देत होते, आणि त्याला त्या समजत होत्या असं फोरमन आजही सांगतात.

महिना संपायला दोन दिवस असताना सिस्टरचा निर्णय आला. रविवारी मी तो जसाच्या तसा वाचला. "सही केली. तीन वर्षांची नाही, एका वर्षाची. फार आनंदानं केली असं वाचू नका. निम्म्या आनंदानं केली."

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझं लक्ष सिस्टरच्या आईकडं गेलं. खरं पत्र वाचायला लागल्यापासून त्या दर रविवारी पिंपळगावहून येत होत्या. त्यांचे हात मांडीवरच होते.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "अजून एक वरीस?"

"आई, तिनं स्वतःच..."

"मी खरं वाचायला कशापायी सांगितलं व्हतं? तुमी म्हनाल, अरेरे, पोरीचे हाल चाललेत, बोलवा तिला घरी. तुमी तर बसल्या जागी तिला छप्पर नीट करून दिलं!"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तीन वर्षं मी त्यांच्या मुलीचं खरं दडवलं, आणि खरं सांगितलं तर ती आणखी वर्षभर लांब राहिली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आई, तुमचा हा त्याग मंडळी..."

"गप बसा."

मी चर्चच्या पायरीवर बसलो. त्याही शेजारी बसल्या. गेटबाहेर लोक मोटरसायकली काढत होते. शेवटची निघून गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या.

"फोन काढा," त्या म्हणाल्या. "फोनवर बोलताना मला रडू येतं. तुमी लिवा. लिवा, आई चिडली."

मी लिहिलं.

"लिवा, लय चिडली."

"पुढं?"

"फुडं काय नाय. आन यात तुमचं काय घालू नका."

"नाही घातलं."

"दावा."

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पडद्याला अगदी नाक लावून पाहिलं.

"किती शब्द हायेत?"

"चार."

त्यांनी ओठांतल्या ओठांत, बोटांवर मोजले. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "धाडा."