रुमालाखालचा पासवर्ड

लातूरला आमच्या रक्तदात्यांची यादी आम्हा सगळ्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर आहे. कुणी रक्त दिलं, की बस स्टँडजवळचे झेरॉक्सवाले काका तारीख भरतात आणि पुन्हा रक्त द्यायला 'चालेल' की 'थांबा' हे त्याच्या नावापुढं आपोआप येतं. तारखेवरून हिशोब करणारं ते सूत्र कॉम्प्युटरवरच्या यादीत त्यांनीच बसवलं, लपवलं आणि कुलूपबंद केलं. पासवर्ड टाकताना ते कीबोर्डवर रुमाल पसरतात. काहीही विचारा, आधी "हाव" म्हणतात, मग "न्हाई".

मला हे पटत नव्हतं. यादी लोकांची, तर लोकांपासून कुलूप कशाला?

परवा एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. माझं तेच; पण मी नुकतंच दिलेलं, म्हणून नावापुढं 'थांबा'. दुकानात जाऊन भांडले, "काका, कुलूप काढा, 'चालेल' करा. बाई मरंल तिकडं!"

"हाव," ते म्हणाले. रुमालाला हात लावला नाही. "न्हाई. तुझ्यासारखे लई शहाणे स्वतःच 'चालेल' लिहून मोकळे व्हायचे, म्हणून तर कुलूप लावलं. तूच चक्कर येऊन पडलीस तर मोर्चा कोण काढंल, पोरी?"

शटर ओढून ते गाडीवर औशाला गेले आणि तिथल्या दात्याला मागं बसवून घेऊन आले. बाई वाचली. मी तरी फुगूनच होते. त्यांनी गूळ-शेंगदाण्याची पुडी पुढं सरकवली.

आजवर मला 'थांबा' फक्त पोलिसांनी म्हटलंय. यादीतला माझ्या नावापुढचा 'थांबा' मात्र मी अधूनमधून उगीच उघडून बघते.